रुळावरची जीप

गोष्ट ब्रह्मदेशातली. साल १९४४, दिवस पावसाळ्याचे. मोगाँगहून दक्षिणेकडे उतरणाऱ्या खोऱ्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. जपानी फौज मागे हटत होती आणि तिच्या पाठोपाठ ब्रिटिश-हिंदी फौज पुढे निघाली होती. पण खोऱ्यात धड रस्ता नव्हता. बैलगाडीची एक चाकोरी होती, ती पावसाने कधीच बुजवून टाकली होती.

त्या फौजेत सातारच्या बाजूचा एक तरुण जीपचालक होता. जीप अमेरिकेतून आलेली, विलीजची. साठ अश्वशक्तीचं इंजिन, चारही चाकांना जोर, आणि वजन जेमतेम अकराशे किलो. चढ असो, ओढा असो, दगडांचं रान असो, ती कुठूनही वाट काढायची. पोराने तिला आसामातून इथवर आणलं होतं. रोज सकाळी तो तिचं बॉनेट फडक्याने पुसायचा, मगच स्वतःचं तोंड धुवायचा.

त्या पावसाळ्यात मात्र जीप हरली. चिखल आसापर्यंत यायचा. चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी आणखी खाली जायची. पाव टन माल दोन मैल न्यायला दिवस जायचा. पुढच्या ठाण्यावर तांदूळ संपत आला होता, आणि तिकडून जखमींना मागे आणायचं होतं.

चाकोरीला समांतर लोहमार्ग होता. रंगूनहून मंडाले, मंडालेहून मिचिना असा गेलेला, मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर असलेला जुना मार्ग. पण इंजिनं बॉम्बवर्षावात मोडून पडली होती. पूल उडवले गेले होते, आणि सैनिकांनी लाकडं रचून उभे केलेले नवे पूल वाफेच्या इंजिनाचं वजन पेलणारे नव्हते. रूळ होते, पण त्यांवरून ओढणारं काही नव्हतं. जीप होती, पण तिला वाट नव्हती.

हे दोन्ही एका म्हाताऱ्या पंजाबी मिस्त्रीच्या डोक्यात एकत्र आलं.

तो साहेबाकडे गेला. म्हणाला, "साहेब, जीपची रबरी चाकं काढतो आणि रेल्वेची लोखंडी चाकं बसवतो. लाकडी पुलाला तिचं ओझं जाणवणारही नाही."

साहेबाने हो म्हटलं. मिस्त्रीने आतल्या बाजूला उंच कडा असलेली लोखंडी चाकं बनवून घेतली. जीपच्या चाकांमधलं अंतर रुळांमधल्या अंतरापेक्षा वीतभर जास्त होतं. चाकं तेवढी आत घ्यायला त्याला बरीच खटपट करावी लागली. शेवटी ती बसली. मग मिस्त्रीने एक साखळी घेतली आणि जीपचं स्टिअरिंग करकचून बांधून टाकलं.

"हे का बांधलंत?" पोराने विचारलं.

"आता वळायचं काम रूळ करतील. तू फक्त पुढे बघ."

पोराला ते आवडलं नाही. जी गाडी कुठेही वळत होती, तिला आता डावं-उजवं उरलं नव्हतं. पण हुकूम तो हुकूम.

पहिल्या दिवशी जीपच्या मागे एक उघडी वाघीण जोडली. पोराने हलकेच क्लच सोडला. जीप थरथरली, लोखंडी चाकं एकदा घसरली आणि मग वाघीण हलली. बघणारे ओरडलेच. लोखंडावर लोखंड फिरतं तेव्हा अडवणूक फार थोडी असते. चिखलात जे ओझं गाडीला जागचं हलू देत नाही, त्याच्या कितीतरी पट ओझं रुळावर तीच गाडी ओढते. दुसऱ्या दिवशी दोन वाघिणी जोडल्या, चौथ्या दिवशी तीन. चाकं घसरू नयेत म्हणून जीपमध्ये वाळूची पोती ठेवली, म्हणजे तिचं वजन रुळावर नीट पडावं. उतारावर माणसं वाघिणींचे हातब्रेक धरून उभी राहायची. परत फिरायची वेळ आली की जीपच्या पोटाखाली जॅक लावायचा, तिला उचलायचं आणि चौघांनी धरून तोंड फिरवून पुन्हा रुळावर ठेवायचं.

जाताना तांदूळ, डबे, दारूगोळा, येताना जखमी. आठवड्याभरात पुढच्या ठाण्यावर दोन वेळचा भात शिजू लागला. साहेब लोक जीपसोबत उभे राहून फोटो काढून घेऊ लागले. कुणीतरी रानफुलांची माळ करून बॉनेटवर घातली. पोराची छाती भरून आली. बांधलेल्या स्टिअरिंगचं दुःख तो विसरला.

या सगळ्या गडबडीत एक माणूस रुळांच्या कडेला असायचा. त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. तो या मार्गावरचा जुना गँगमन होता. तेलुगू मुलखातून तरुणपणी मजुरीला आलेला आणि इथेच म्हातारा झालेला. स्टेशनाजवळच्या बांबूच्या झोपडीत एकटाच राहायचा. जीपगाडी सुरू झाली त्या दिवशी तो साहेबापुढे येऊन उभा राहिला होता. त्याने हातोडा, विळा आणि रोजचा शेरभर तांदूळ मागितला होता. साहेबाने दिला आणि विसरून गेला.

म्हातारा पहाटे उजाडायच्या आत निघायचा. हातोडा खांद्यावर, विळा कमरेला आणि हातात बांबूची एक काठी. चार मैल जायचा, चार मैल यायचा. जीपगाडी आली की बाजूला होऊन उभा राहायचा आणि गाडी गेली की पुन्हा रुळात उतरायचा. कधी कधी तो लाल फडकं दाखवून गाडी थांबवायचा. पोराला त्याचा राग यायचा.

"आता काय झालं, बाबा?"

"थोडं थांब, पोरा. एक खिळा वर आलाय."

तो चार घाव घालायचा, काठी आडवी धरून दोन रुळांमधलं अंतर बघायचा आणि मग हात करायचा. पोर मनात म्हणायचा, एका खिळ्याने काय होतंय!

सप्टेंबर उजाडला. फौज आणखी दक्षिणेला सरकली. साहेबाने ठरवलं, या जीपने आठवड्याभरात इतकं काम केलं आहे, तर हिला पुढच्या टप्प्यावर पाठवू; इथल्यासाठी दुसरी जीप तयार करू. मिस्त्री, पोर आणि त्याची जीप पुढच्या टप्प्यावर गेले. तिथेही तेच रूळ होते, तेच गेज, तसंच सपाट खोरं. चढ म्हणावा असा नव्हता.

पोराने सवयीप्रमाणे तीन वाघिणी जोडून घेतल्या आणि क्लच सोडला. चाकं फिरली आणि घसरली. पुन्हा सोडला, पुन्हा घसरली. एक वाघीण काढली. गाडी हलली, फर्लांगभर गेली आणि थांबली. आणखी एक काढली. उरलेली एक वाघीण घेऊन जीप कशीबशी निघाली. तीही मैलभर गेली आणि एका वळणावर जीपचं पुढचं चाक रूळ सोडून खाली उतरलं.

मग जे झालं ते पोराने आधी कधी पाहिलं नव्हतं. लोखंडी चाक मऊ मातीत बसलं आणि बसतच गेलं. ही तीच जीप होती जी आसामातले डोंगर चढून आली होती. आता ती हातभरही हलेना. सोळा जणांनी ओंडके लावून तिला रुळावर आणेपर्यंत अंधार पडला. वाघिणीतला तांदूळ रात्रभर भिजला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं. प्लग काढून साफ केले. कार्ब्युरेटर खोलून धुतला. तेल बदललं. इंजिन सुरू करून कान लावून ऐकलं. कुठेही खोट नव्हती.

"थकली असेल गाडी," पोर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"यंत्र असं थकत नाही," मिस्त्री म्हणाला. पण त्यालाही उत्तर सापडत नव्हतं.

साहेब वैतागला. त्याने जीप परत पाठवली आणि मागच्या टप्प्यावरची नवी जीप पुढे मागवली. पोर आपली हरलेली जीप घेऊन जुन्या जागी आला. तिथल्या माणसांनी नेहमीप्रमाणे तीन वाघिणी जोडल्या. त्याने भीत भीत क्लच सोडला. जीप एकदा थरथरली आणि निघाली. चार मैल न थांबता गेली. आणि त्याच दिवशी पुढच्या टप्प्यावर नवी कोरी जीप एका वाघिणीला अडून उभी होती.

संध्याकाळी मिस्त्रीने पोराला बोलावलं. "जीप तीच, चालवणारा तूच, पेट्रोल तेच. मग बदललं काय?"

पोर काही बोलला नाही. बाहेर बघत राहिला. बाहेर म्हातारा गँगमन विळ्याला धार लावत बसला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोर आणि मिस्त्री दोघेही म्हाताऱ्याच्या मागे चालू लागले. म्हाताऱ्याने कारण विचारलं नाही. तो आपलं काम करत राहिला आणि हे दोघे बघत राहिले.

आधी त्याने विळा काढला. रात्रीत रुळाच्या कडेचं गवत आणि वेली वाढून रुळावर आल्या होत्या. पावसाळ्यात त्या मुलखात गवत बोलता बोलता वाढतं. म्हातारा वाकून ते कापत चालला. "हे चाकाखाली चिरडलं की त्याचा रस रुळावर पसरतो," तो म्हणाला. "मग रूळ शेवाळलेल्या पायरीसारखा होतो. इंजिन कितीही मोठं असू दे, पाय कुठे टेकणार ते?"

पुढे त्याने कडेचा चर मोकळा केला. रात्रभर साठलेलं पाणी भळभळ वाहून गेलं. "पाणी साचलं की स्लीपर चिखलात डुलतात. सांधा खाली बसतो. मग गाडीला प्रत्येक सांध्यावर चढ चढावा लागतो. दिसत नाही, पण चढच तो."

एका वळणावर तो थांबला आणि बांबूची काठी आडवी धरली. त्याची लोखंडी मापपट्टी लढाईच्या पहिल्याच वर्षी सैनिकांनी उचलून नेली होती. त्याने आपल्या आठवणीतल्या मापाने बांबू कापून घेतला होता. मिस्त्रीने खिशातली टेप काढून तो मोजला. बरोबर एक मीटर भरला.

वळणावर काठी बोटभर सैल बसली. म्हाताऱ्याने बाहेरच्या रुळाचे खिळे उपटले, रूळ आत सारला आणि पुन्हा ठोकला. प्यिंकाडोच्या लाकडाचे ते स्लीपर लोखंडाइतके कठीण. खिळा आत जाताना म्हाताऱ्याचं अंग घामाने निथळलं. ठोकून झाल्यावर त्याने हातोड्याने रुळावर टिचकी दिल्यासारखा घाव घातला आणि मान वाकडी करून नाद ऐकला. मगच पुढे निघाला.

चार मैल संपायला चार तास लागले.

"बाबा, हे काम तुम्ही कधीपासून करता?" पोराने विचारलं.

"केस काळे होते तेव्हापासून."

"जपानी होते तेव्हाही?"

"तेव्हाही. साहेब बदलले. पाऊस तोच पडत होता."

"पगार द्यायचे का ते?"

"कधी द्यायचे, कधी नाही." म्हातारा थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "माझ्या मुलाला ते दक्षिणेला घेऊन गेले. सयामकडे नवा रूळ टाकायला. तो परत आला नाही. त्याच्या हातचा रूळ तिकडे कुठेतरी असेल. तो कुणी नीट राखावा असं मला वाटतं. म्हणून मी हा राखतो."

पोराने म्हाताऱ्याच्या खांद्यावरचा हातोडा काढून आपल्या खांद्यावर घेतला. परतीची वाट तिघांनी न बोलता चालून काढली.

मिस्त्री तसाच साहेबाकडे गेला. "साहेब, पुढच्या टप्प्यावर जीप पाठवू नका. आधी या म्हाताऱ्याला पाठवा."

साहेब हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने वीस माणसं दिली, वीस विळे, कुदळी आणि हातोडे दिले, आणि म्हाताऱ्याला त्यांचा मुकादम केलं. म्हाताऱ्याने बांबूच्या आणखी काठ्या कापल्या, प्रत्येक आपल्या काठीशी लावून पाहिली आणि एकेका माणसाच्या हाती दिली. त्याने त्यांना आधी गवत कापायला शिकवलं, मग चर काढायला, मग सांधा उचलायला. हातोडा सगळ्यात शेवटी दिला.

बारा दिवसांनी पोराने जीप पुन्हा पुढच्या टप्प्यावर नेली. तीन वाघिणी जोडल्या. निघताना त्याने सवयीने बॉनेट पुसलं, मग काहीतरी आठवून खाली उतरला, रुळाजवळ बसला आणि तेच फडकं रुळावरून फिरवलं. मग गाडी सोडली.

जीपगाडी चालत राहिली. टप्प्यामागून टप्पा मागे पडला. आधी म्हाताऱ्याची माणसं जायची, मागून पोराची जीप. होपिन, मोहन्यिन, आणि डिसेंबरात फौज इंदावला पोहोचली. तोवर पाऊस संपून चाकोरी वाळली होती. मिस्त्रीने साखळी सोडली आणि रबरी चाकं पुन्हा चढवली. पोर पुढे निघाला तेव्हा म्हातारा त्याच्यासोबत नव्हता. तो आपल्या चार मैलांकडे परत गेला होता. तिथलं गवत वाढलं असेल, एवढंच त्याने जाताना सांगितलं होतं.

मोगाँगच्या त्या मार्गावर लोखंडी चाकांच्या जीप खरोखर धावल्या. युद्धाच्या इतिहासात त्यांची नोंद आहे, त्यांचे फोटो आहेत. त्या युद्धात या बनावटीच्या जीप सहा लाखांहून अधिक बनल्या आणि त्यांची अश्वशक्ती आजही हौशी लोकांना तोंडपाठ असते. गोष्टीतला म्हातारा गोष्टीतलाच आहे. पण त्याच्यासारखी माणसं प्रत्येक लोहमार्गावर होती आणि त्यांचं काम कुठल्याच अश्वशक्तीत मोजलं गेलं नाही. ओझं कुणी ओढलं हे आपण लगेच बघतो, कारण ओढणारा समोर असतो आणि आवाज करतो. त्याच्या चाकाखाली वाट कुणी धरून ठेवली, हे बघायला पहाटे उठून मागे चालावं लागतं. घरात, कचेरीत, शाळेत, शेतातही असंच आहे. एखादा माणूस एका जागी तीन वाघिणी ओढतो आणि दुसऱ्या जागी एकीलाही अडतो. आपण त्याचं इंजिन खोलून बसतो. त्याच्या पायाखालचं गवत कापणारं कुणी तिथे आहे का, हे विचारायचं राहून जातं.

आपल्याकडे हे काम करणाऱ्याला पूर्वी गँगमन म्हणत, आता ट्रॅक मेन्टेनर म्हणतात. थंडीत रूळ आकसून तडकतो म्हणून तो रात्री गस्त घालतो, उन्हाळ्यात रूळ तापून वाकतो म्हणून भर दुपारी. काम करताना गाडीखाली सापडून दगावणारेही असतात. त्यांची बातमी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते. कोकण रेल्वेवर पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि दरडींच्या जागी गस्तीवाले दिवसरात्र चालत असतात. येत्या पावसाळ्यात गावी जाताना गाडीला उशीर झाला, तर चिडण्याआधी खिडकीतून बाहेर बघा. कंदील घेऊन कुणी बाजूला उभा असेल, तर त्याला हात करा.